बाकी उरलेले दोन भुंगे

प्रश्न : माझं वय २८. गणितात एम. एस्सी. केलं, आता कॉलेजात शिकवते. कविता शाळेपासून लिहिते, गेली चार वर्षं कथाही. लिहायला बसलं की गणित आणि विज्ञान न बोलावता येतात. समांतर रेषांवर एक कविता केली. दोन माणसं आयुष्यभर शेजारून चालतात, पण भेटत नाहीत, अशी. आईच्या दुःखावर ‘कृष्णविवर’ नावाची कथा लिहिली. कवितेवर एका संपादकांचा शेरा आला, ‘विज्ञान वरून चिकटवल्यासारखं वाटतं.’ कथा वाचून साहित्यातली मैत्रीण म्हणाली, ‘मध्येच तास सुरू होतो.’ आणि आमच्या विभागातले एक सर म्हणाले, ‘कृष्णविवर असं वागत नाही.’ म्हणजे इकडचे म्हणतात रुक्ष, तिकडचे म्हणतात चूक. एक ना धड, भाराभर चिंध्या. या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवू का? की एक सोडून देऊ? आणि विज्ञानातले तपशील कथेत किती वाकवले तर चालतात? मला अगंतुगं केलंत तर बरं वाटेल. — सहमूळ

प्रिय सहमूळ,

आधी तुझ्या सहीबद्दल बोलू दे. ज्या दोन संख्यांना १ सोडून दुसरा सामाईक विभाजक नसतो त्या सहमूळ. ८ आणि ९, उदाहरणार्थ. हे नाव तू ‘माझ्या दोन बाजूंत काहीच सामाईक नाही’ अशा खंतीनं घेतलं असावंस. पण यंत्रं बनवणारी माणसं एकमेकांत अडकणाऱ्या दोन दातेरी चाकांना पुष्कळदा मुद्दाम सहमूळ संख्येचे दाते देतात. सोयीसाठी लहान आकडे घेते. एका चाकाला ८ आणि दुसऱ्याला १२ दाते असले, तर पहिल्याचा कुठलाही दाता दुसऱ्याच्या त्याच त्या तीन दात्यांना भेटत राहतो. उरलेल्या नऊ जणांशी त्याची कधी गाठच पडत नाही. ८ आणि ९ घेतले की प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येकाला भेटतो आणि झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. तेव्हा या दोन गोष्टी वेगळ्या ठेव किंवा एक सोडून दे, असं मी तुला सांगणार नाही. नाव तू फार चांगलं निवडलं आहेस.

आता संपादकांचा शेरा. मी तुझी कविता दोनदा वाचली आणि मला तो शेरा पटला. रेषा म्हणजे माणसं, मधलं अंतर म्हणजे न भेटणं. एकाला एक चपखल बसलं, निःशेष भाग गेला, बाकी शून्य. आणि बाकी शून्य आली की पुढे लिहायला काही उरत नाही. दुसऱ्या ओळीत वाचकाला सगळं कळलेलं असतं आणि कविता मात्र अजून बारा ओळी चालू राहते. विज्ञानातली कल्पना हाताशी घेतलीस की उपमा जमली म्हणून थांबू नकोस. त्या कल्पनेत असं काय आहे जे तुझ्या माणसांवर अजून बसलेलं नाही, ते शोध. ती बाकी.

हे सांगताना मला लीलावतीतले भुंगे आठवतात. भास्कराचार्यांचा हा ग्रंथ ११५० च्या सुमाराचा, अंकगणिताचा, आणि श्लोकांत रचलेला. तुला हे गणित ठाऊक असेलच, पण सदर वाचणाऱ्या सगळ्यांना नसेल, म्हणून मांडते. भुंग्यांचा एक थवा होता. त्याच्या निम्म्याचं वर्गमूळ काढलं तर जी संख्या येईल तितके भुंगे मालतीकडे गेले. सगळ्या थव्याचे आठ नवमांश भुंगेही गेले. एक भुंगा रात्री सुगंधाच्या लोभानं कमळात शिरला आणि पाकळ्या मिटल्यावर आतच अडकला. तो आतून गुणगुणतो आहे आणि बाहेर एक भुंगी त्याला ओ दिल्यासारखी गुणगुणते आहे. तर सांग, भुंगे एकूण किती?

उत्तर ७२. निम्म्याचं, म्हणजे ३६ चं वर्गमूळ ६, आठ नवमांश म्हणजे ६४. सत्तर गेले, दोन उरले. आता यातलं कमळ काढून टाक, रात्र काढून टाक, ‘बाकी दोन’ एवढंच ठेव. उत्तर बदलत नाही. म्हणून शिकवताना पुष्कळ जण कमळाला सजावट समजून पुढे जातात. पण भास्कराचार्यांनी शृंगार कुठे ठेवला आहे ते नीट बघ. उडून गेलेल्या सत्तर भुंग्यांबद्दल ते एक शब्द जास्त खर्च करत नाहीत. समीकरण सुटायला जे दोन लागतात, नेमक्या त्या दोघांच्या वाट्याला रात्र, कमळ आणि गुणगुण आलेली आहे. गणिताची बाकी आणि गोष्टीची व्यथा एकाच जागी. हे साधतं तेव्हा विज्ञान वरून चिकटवल्यासारखं वाटत नाही, कारण ते काढलं तर गोष्टीचा जीवच जातो.

जाता जाता एक. भुंग्यांची संख्या २क्ष² धरली की २क्ष² − ९क्ष − १८ = ० हे वर्गसमीकरण मिळतं. क्षची किंमत ६ येते, नाहीतर उणे दीड. उणे दीड घेतलं तर थव्यात साडेचार भुंगे निघतात, म्हणून ते उत्तर आपण टाकून देतो. त्या टाकलेल्या उत्तराबद्दल मला नेहमी हळहळ वाटत आली आहे. समीकरणाला ते मान्य असतं, जगाला नसतं.

तुझ्या समांतर रेषांकडे परत येऊ. गणितात एम. एस्सी. झालेल्या मुलीनं स्वतःला पहिला प्रश्न हा विचारायला हवा होता की या रेषा कशावर काढल्या आहेत? तुझ्या कवितेत तुझं शिक्षण कुठे दिसत नाही, दिसते ती शाळेच्या दप्तरातली पट्टी. समांतर रेषांबद्दलच्या युक्लिडच्या पाचव्या गृहीतकावर गणितज्ञांनी दोन हजार वर्षं डोकं लावलं, तेव्हा कुठे कळलं की कागद सपाट असेल तरच ते खरं. मग त्या दोघांना कागदावरून उचल आणि पृथ्वीवर ठेव. विषुववृत्तावर दोघं उभी आहेत, मध्ये शंभर किलोमीटर. दोघांचीही तोंडं बरोबर उत्तरेला. दोघांच्याही वाटा विषुववृत्ताशी काटकोनात, म्हणजे निघताना पक्क्या समांतर. समुद्र आणि बर्फ बाजूला ठेवू. दोघं रोज पंचवीस किलोमीटर चालतात, आणि कुणीही डावीउजवीकडे तसूभर वळत नाही.

महिनाभरानं त्यांच्यातलं अंतर किती असेल? ९९.३ किलोमीटर. तीस दिवसांत जेमतेम सातशे मीटर जवळ आलेली. कुणाच्या लक्षातही येणार नाही. साठ अंशांवर, म्हणजे साधारण नऊ महिन्यांनी, अंतर बरोबर निम्मं झालेलं असतं. तीनशेव्या दिवशी अडतीस किलोमीटर उरतात. आणि सुमारे चारशेव्या दिवशी, दहा हजार किलोमीटर चालून झाल्यावर, दोघं ध्रुवावर एकमेकांवर आदळतात.

आता या दोघांच्या मनात काय चाललं असेल? सुरुवातीला काहीच नाही. मग केव्हातरी एकाला संशय येतो की दुसरं आपल्या बाजूला सरकतं आहे. ‘तू वळतोयस.’ ‘मी नाही, तू वळतेयस.’ दोघं आपापला होकायंत्राचा काटा दाखवतात, दोघांचाही बरोबर. मोजणीत चूक नाही, हेतूत खोट नाही, आणि तरी अंतर आटत चाललं आहे. पायाखालची जमीन गोल आहे, हे त्यांना कोण सांगणार? हीच जोडी खोगिरासारख्या पृष्ठभागावर सोडलीस तर उलटं होतं. तशीच सरळ, तशीच प्रामाणिक चालतात आणि कुणाचीही चूक नसताना दुरावत जातात. एकमेकांपासून दूर गेलेल्या माणसांबद्दल यापेक्षा दयाळू गोष्ट मला तरी माहीत नाही. तुझ्या कवितेत ‘भेट नाही’ एवढंच होतं. इथे जमीन बोलायला लागते.

कथेकडे वळते. तुझे सर बरोबर आहेत. तुझ्या कथेत आईचं दुःख कृष्णविवरासारखं घरातलं सगळं ओढून घेतं. पण कृष्णविवर लांबच्या वस्तूंना असं ओढून घेत नाही. सूर्याच्या जागी सूर्याइतक्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आणून ठेवलं, ज्याची त्रिज्या जेमतेम तीन किलोमीटर असेल, तरी पृथ्वी आज फिरते त्याच कक्षेत फिरत राहील. फक्त अंधार होईल, थंडी पडेल. मला तर हे तुझ्या कल्पनेपेक्षा जास्त खरं वाटतं. घरातलं माणूस आतून कोसळतं तेव्हा बाकीचे सगळे आपापल्या कक्षेत फिरतच राहतात. डबे भरले जातात, बिलं भरली जातात. उजेड तेवढा गेलेला असतो.

आणि यातली बाकी याहून मोठी आहे. घटनाक्षितिज म्हणजे कृष्णविवराची ती सीमा, जिच्या आत गेलेलं काहीच, प्रकाशसुद्धा, परत येत नाही. तिच्याकडे पडत जाणारं माणूस लांबून बघणाऱ्याला कसं दिसतं, हे तू शिकली आहेस. ते मंदावत जातं, तांबूस होत जातं, अंधुक होत जातं. क्षितिज ओलांडताना ते कधीच दिसत नाही. पडणाऱ्याच्या स्वतःच्या घड्याळात मात्र तो क्षण येतो आणि जातो, आणि कृष्णविवर पुरेसं मोठं असेल तर त्या क्षणी त्याला वेगळं काही जाणवतही नाही. बाहेरची मुलगी म्हणते आहे, आई अजून दिसते आहे. आई केव्हाच पलीकडे गेली आहे. दोघींचा हिशोब बरोबर. ही कथा तू एकट्या मुलीच्या तोंडून सांगितलीस, म्हणून तिचा अर्धा भाग हरवला. दोन निवेदक घे. मुलीच्या भागात वेळ लांबत जाऊ दे, एका दुपारला चार पानं लागू देत. आईच्या भागात तेच सगळं दोन परिच्छेदांत उरकू दे. मग कृष्णविवर हा शब्द कथेत एकदाही आला नाही तरी चालेल.

याच नावाच्या एका कथेची हकिकत तुला सांगायलाच हवी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती जयंत विष्णू नारळीकरांनी पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. खगोलशास्त्रज्ञ म्हणून तोवर त्यांचं मोठं नाव झालेलं होतं. ते नाव बाजूला राहिलं आणि कथा कथा म्हणून वाचली गेली. इकडचे-तिकडचे काय म्हणतील याची तुला फार धास्ती वाटत असेल तर हा मार्ग तुलाही मोकळा आहे.

मैत्रिणीनं ‘तास सुरू होतो’ म्हटलं ती जागा मला सापडली. पान सहा. ‘तुला माहीत आहे का, सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पोचायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात?’ असं भाऊ बहिणीला विचारतो. बहीण भौतिकशास्त्र शिकते आहे, तिला माहीत आहेच. म्हणजे हे वाक्य तिच्यासाठी नाही, वाचकासाठी आहे, आणि वाचकाला ते लगेच कळतं. माहिती पात्राच्या तोंडी घालू नकोस, त्याच्या अंगावर येऊ दे. त्याच पानावर तू वडील गेल्याचा फोन आणला आहेस, मग बघ :

फोन ठेवून ती खिडकीपाशी गेली. बाबा जाऊन पाच मिनिटं झाली होती. खिडकीतून हातावर पडलेलं ऊन सूर्यावरून निघालं, तेव्हा ते होते.

आठ मिनिटं वीस सेकंद हा आकडा यात नाही. ज्याला तो माहीत आहे तो मनात वजाबाकी करेल. ज्याला माहीत नाही त्यालाही उन्हाला यायला वेळ लागतो एवढं कळेल, आणि हातावरचं ते ऊन काही तो विसरणार नाही. स्पष्टीकरण कितपत द्यावं, या तुझ्या न विचारलेल्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. पात्राला त्या क्षणी ज्याची गरज आहे तेवढंच.

एक गोष्ट मला मनापासून खटकली. तू कथेत जागोजागी इंग्रजी संज्ञा वापरल्या आहेस, जणू मराठी शब्द वापरले तर पाठ्यपुस्तकाचा वास येईल. अगं, आपल्या गणिताच्या शब्दांत अर्धी कविता आधीच भरून ठेवलेली आहे! घात, मूळ, छेद, व्यस्त, निःशेष, बाकी. प्रत्येक शब्द वर्गात एक बोलतो आणि घरी दुसरं. ‘हातचा’ घे. बेरजेत हातचा विसरला तर एककाच्या घरातला आकडा बरोबर येतो आणि चूक उमटते ती एक घर डावीकडे. चूक झाली एकीकडे आणि दिसली दुसरीकडे. कितीतरी घरांची गोष्ट आहे ही. किंवा जोडमूळ संख्या : ११ आणि १३, १७ आणि १९, ४१ आणि ४३. इतक्या जवळ, तरी मध्ये कायम एक सम संख्या उभी. आणि अशा जोड्या संपतात की संपतच नाहीत, हे अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. दोन बहिणींची कथा यावर उभी राहील.

विज्ञान आशयातच यायला हवं असंही नाही, घाटात, म्हणजे रचनेतही येऊ शकतं. एक प्रयोग सुचवते. विसरत चाललेल्या माणसावर लिही. पहिला परिच्छेद ६४ शब्दांचा, पुढचा ३२, मग १६, ८, ४, २, १. किरणोत्सारी पदार्थाचा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे अणू निम्मे व्हायला लागणारा काळ, असाच चालतो. कार्बन-१४ चा ५,७३० वर्षांचा आहे. त्यातली बाकी अशी की निम्मे अणू केव्हा उरतील हे सांगता येतं, पण त्यातला कुठला अणू केव्हा जाईल हे सांगता येत नाही. आईला नणंदेचं नाव आठवतं आणि मुलीचं आठवत नाही, याला कारण विचारून उपयोग नसतो. कथेत ‘अर्धायुकाल’ म्हणू नकोस. परिच्छेद आखडत गेले की वाचकाच्या छातीला ते कळतं.

आणि कवितेत आकडेमोड परकी आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला ‘यमाताराजभानसलगा’ म्हणून दाखव. वृत्तं शिकताना पाठ केलेलं हे दहा अक्षरी, अर्थ नसलेलं सूत्र. त्यातली सलग तीन-तीन अक्षरं घेत जा : यमाता, मातारा, ताराज, राजभा, जभान, भानस, नसल, सलगा. लघु-गुरूच्या आठही जुळण्या येतात, कुठली सुटत नाही, कुठली दोनदा येत नाही. यापेक्षा कमी अक्षरांत ते जमणारच नाही, तू करून बघ. तसंच लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरून ठरावीक मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरता येईल, हे छंदःशास्त्रकार मोजत होते. उत्तरं येतात १, २, ३, ५, ८, १३, २१. हेमचंद्रानं बाराव्या शतकात हा नियम सांगितला, त्याच्याही आधी विरहांकानं. फिबोनाची या इटालियन गणितज्ञाचं पुस्तक १२०२ चं. जगभर सशांच्या जोड्यांवरून शिकवली जाणारी ही संख्यामाला आपल्याकडे कवितेच्या ओळी मोजताना सापडली होती. तू परक्या घरी शिरते आहेस असं वाटून घेऊ नकोस.

वाकवण्याबद्दल थोडक्यात. माहीत असून मोडलेला नियम आणि माहीत नसल्यामुळे मोडलेला नियम यांतला फरक वाचकाला कळतो, तो वैज्ञानिक नसला तरी. एखादी गोष्ट खुशाल खोटी धर : गुरुत्वाकर्षण दुपारी बंद पडतं म्हण. पण मग बाकी सगळं त्या खोट्याशी इमान राखून चाललं पाहिजे. दुपारी पाणी पेल्यात राहणार नाही, आणि बाळाला झोपवताना बांधावं लागेल. तुझ्या कृष्णविवराची अडचण ही होती की ते पहिल्या पानावर एका नियमानं वागतं आणि नवव्या पानावर दुसऱ्या.

आता काय करायचं? कविता बाजूला ठेव, ती दुरुस्त करत बसू नकोस. विषुववृत्तावरच्या दोघांना घेऊन नव्यानं लिही. कथा मात्र फेकू नकोस, तिच्यात जीव आहे. दोन निवेदकांनी ती परत मांड आणि मग दोघांना वाचायला दे, पण दोघांना वेगवेगळे प्रश्न विचार. सरांना एवढंच विचार की कुठे चुकलं. आवडली का, हे त्यांना विचारू नकोस. मैत्रिणीला विचार की कुठे पान उलटावंसं वाटलं. विज्ञान कळलं का, हे तिला विचारू नकोस. दोघांची उत्तरं एकाच परिच्छेदावर बोट ठेवतील अशी माझी अटकळ आहे. तो परिच्छेद आधी लिही.

आणि ते साडेचार भुंगे. त्यांच्यावर कधी काही सुचलं तर मला पाठव. मी खरंच वाट बघते आहे.